बर्फावरचं बार्बाडोस

डिसेंबर अर्धा सरला की आमच्या डिपार्टमेंटमध्ये मनगटं येऊ लागतात. नोव्हेंबरच्या पहिल्या कडक थंडीत फुटपाथवरचं दव गोठतं. दूध आणायला किंवा बस पकडायला निघालेलं कुणी घसरतं, पडताना हात पुढे करतं, आणि सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं की माझ्यासमोर येऊन बसतं. मी कॉव्हेंट्रीतल्या एका हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. इतके दिवस प्लास्टरमध्ये राहिलेला हात हातात घेतला की तो त्या माणसाचा वाटत नाही. बारीक झालेला असतो, पांढुरका, थोडा लाजलेला. मी म्हणते, "आता हळूच वळवा. दुखेल, पण वळवा."

या आठवड्यात एक आजीबाई आल्या होत्या. मनगट वळवता वळवता म्हणाल्या, "जन्म गेला या देशात, तरी बर्फावर उभं राहणं काही जमलं नाही मला." दिवसभर ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. कारण मी एक असा हिवाळा पाहिलाय, ज्यात बर्फ कधी न पडणाऱ्या एका बेटाचा संघ दर शनिवारी सकाळी बर्फावर उभा राहायचा. त्याला आता चार वर्षं झाली.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये माझी मुलगी मुक्ता ग्लासगोला युनिव्हर्सिटीत गेली. ऑक्टोबरमध्ये नागपूरहून फोन आला की सासरे बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं. श्रीकांत, माझा नवरा, चौथ्या दिवशी विमानात बसला. "सहा महिने. फार तर," असं एअरपोर्टवर म्हणाला. त्याचं काम लॅपटॉपवरचं, त्यामुळे ते इथे काय आणि तिथे काय. माझं काम हातांचं, ते कुठे नेता येत नाही.

तीन माणसांचं घर एका महिन्यात एकाचं झालं. पण हाताला ते कळायला वेळ लागला. कुकरमध्ये दीड वाटी तांदूळ जातच राहिले आणि मी चार-चार दिवस तोच भात खात राहिले. वॉशिंग मशीन संपल्याचा बीप वाजला की मी मोठ्याने म्हणायची, "आले, आले." एकदा हे म्हटल्यावर मी जिन्यातच थांबले. सकाळपासून घरात उच्चारलेले ते माझे पहिले शब्द होते. दिवाळीला मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेले, तर हॉलमध्ये भेटणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारायचा, "श्रीकांत कधी येतोय?" फराळाचं ताट अर्धं टाकून मी घरी आले. लोकांचं काही चुकत नव्हतं. मला उत्तर माहीत नव्हतं, एवढंच.

दुपारी लंच ब्रेकमध्ये मी गाडीत बसून नागपूरला फोन लावायची. तिकडे संध्याकाळ झालेली असायची. "जेवली का? काय करून राहिली?" श्रीकांत विचारायचा. नागपूरला गेला की चार दिवसांत त्याची भाषा पुन्हा तिकडची व्हायची. मागे बाबांचा टीव्ही, कुणाचा तरी स्कूटरचा हॉर्न, भाजीवाल्याची हाक. माझ्याकडे मागे काहीच नसायचं. कार पार्कची शांतता त्याला ऐकू जाऊ नये म्हणून मी कधी कधी रेडिओ लावून ठेवायची.

अशाच एका दुपारी कॅन्टीनमध्ये क्लाइड माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. क्लाइड आमच्याकडे पोर्टर होता. वॉर्डातल्या पेशंटना व्हीलचेअरवरून माझ्या जिममध्ये आणायचा, पुन्हा न्यायचा. साठी उलटलेली, उंच, सावकाश चालणारा. पेशंटच्या मांडीवरचं ब्लँकेट कडेने नीट खोचल्याशिवाय तो व्हीलचेअर हलवायचा नाही. तेवढ्यावरून मी त्याला ओळखत होते.

"वैशाली, शनिवारी सकाळी तू काय करतेस?"

"झोपते."

"सहा ते साडेसात आमच्या टीमची प्रॅक्टिस असते. आम्हाला फिजिओ हवा आहे. मानधन नाही. थंडी भरपूर आहे."

"कुठली टीम?"

"बार्बाडोसची. नॅशनल आइस हॉकी टीम."

मी हसले. बार्बाडोस म्हटल्यावर मला माझ्या वडिलांच्या ट्रान्झिस्टरवरची क्रिकेट कॉमेंट्री आठवली होती, वेगवान गोलंदाज आठवले होते, आणि त्यांच्या शेजारी बर्फ काही केल्या उभा राहीना. क्लाइड हसला नाही. माझं हसू संपेपर्यंत तो ट्रे धरून शांतपणे थांबला. या हसण्याची त्याला सवय असावी. मग म्हणाला, "बेटावर बर्फाची एकही रिंक नाही. म्हणून आम्ही इथे खेळतो. येशील?"

ते थांबणं पाहून मला माझ्या हसण्याची लाज वाटली. मी हो म्हणून बसले.

संध्याकाळी मुक्ताला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, ते टीम खरा आहे? म्हणजे रिअल?"

"खरी आहे. ती टीम."

"ओके, ती टीम. पण तू आइसवर पडू नको हां. तुला उचलायला घरी कोण नाहीये."

ती गमतीत म्हणाली होती. मी फोन ठेवला आणि बराच वेळ सिंकमध्ये एकच कप घासत उभी राहिले.

रिंकमध्ये बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी असते, हे मला त्या शनिवारी कळलं. बाहेर अजून अंधार, गाड्यांच्या काचा पांढऱ्या. आणि आत ट्यूबलाइट्सच्या उजेडात तो प्रचंड, कोरा बर्फ. कुणीही अजून पाऊल न ठेवलेला. त्यावरून हलकी वाफ उठत होती. वास मात्र गोठलेला नव्हता. ओल्या हातमोज्यांचा, रबरी मॅटचा, रात्रभर बॅगेत राहिलेल्या घामाचा आंबूस वास. मग एकेक जण दार उघडून बर्फावर उतरला आणि तो आवाज सुरू झाला. स्केटचं पातं बर्फ कापताना येणारा तो आवाज, कुणी लांबलचक कापड एका झटक्यात फाडावं तसा.

चौदा जण होते. कुणी नॉटिंगहॅमहून यायचा, कुणी रेडिंगहून पहाटे चारला निघून. एक शाळेत गणित शिकवायचा, एक पार्सलची व्हॅन चालवायचा. सगळे इंग्लंडमध्ये जन्मलेले. कुणाचे आजी-आजोबा बार्बाडोसचे, कुणाची फक्त आई. अर्ध्याहून अधिकांनी ते बेट पाहिलंही नव्हतं. निळ्या-पिवळ्या जर्सीवर छातीशी त्रिशूळ होता, त्यांच्या झेंड्यावर असतो तसा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी चमकलेच. या मंडळींनी शंकराचा त्रिशूळ कुठून आणला? क्लाइड म्हणाला, तो समुद्रदेवाचा आहे. दांडा मोडलेला आहे, कारण इंग्रजांच्या राज्यापासून आम्ही तुटून वेगळे झालो.

त्या सगळ्यांत बार्बाडोसमध्ये जन्मलेला एकटा क्लाइड. नऊ वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर इथे आला. आणि त्या सगळ्यांत बर्फावर उभं राहता न येणाराही तोच. कडेच्या कठड्याला कोपर टेकवून, लोकरीची टोपी कानांवर ओढून तो दीड तास उभा असायचा. गोल झाला तरी ओरडायचा नाही. फक्त हातमोजा एकदा कठड्यावर आपटायचा.

मी आलं घालून चहा नेऊ लागले. मोठ्या थर्मासमध्ये, भरपूर साखरेचा. पहिल्या दिवशी दोघांनी घेतला, तिसऱ्या शनिवारी थर्मास पुरेना. शुक्रवारी संध्याकाळी आलं किसताना मला जाणवलं की मी गुणगुणतेय. शनिवारची मी वाट पाहू लागले होते. कुणाचा खांदा, कुणाची मांडी, कुणाच्या पोटरीत आलेला गोळा, याच्यासाठी माझी गरज होती, आणि ती गरज ठरावीक वेळी, ठरावीक ठिकाणी मला सापडायची.

सर्वांत जास्त गरज डॅरेलला होती. डॅरेल गोलकीपर. अडतीस वर्षांचा, सेकंडरी शाळेत विज्ञान शिकवणारा. आइस हॉकीत गोलकीपरचं सगळं वजन गुडघ्यांवर. रबराची ती जड काळी चकती, तिला पक म्हणतात, जमिनीलगत आली की दोन्ही गुडघे आत वळवून धाडकन खाली बसायचं आणि पुढच्या क्षणी उठायचं. तासात शंभर वेळा. बाकीचे खेळाडू एकमेकांत मिसळतात, धडकतात, बाकावर येऊन शेजारी बसतात, दम खाताना शिव्या देतात. गोलकीपर तेवढा कुणाशी बोलत नाही. खेळ दुसऱ्या टोकाला गेला की तो मास्क वर करून नुसता बघत राहतो. मला त्या वेळचा डॅरेल फार ओळखीचा वाटायचा.

क्लाइडने मला त्याची गोष्ट सांगितली ती अशीच कठड्याशी उभं राहून. डॅरेलचे वडील आणि क्लाइड एकाच मोटार कारखान्यात होते. मुलाला या खेळाचं वेड लागलं, पण वडिलांना ते पटेना. हा आपला खेळ नाही, म्हणायचे. मग क्लाइड त्याला शनिवारी बसने रिंकवर आणायचा. त्या वेळी संपूर्ण रिंकवर काळा मुलगा तो एकटा.

"इतर मुलांचे आईबाप मला विचारायचे, हा तुमचा का? मी म्हणायचो, हो. दुसरं काय म्हणणार?" क्लाइड बर्फाकडे बघत म्हणाला. "पंचवीस वर्षं त्याला त्या गोलमध्ये एकट्याला बघितलं. मग मनात आलं, त्याच्यासमोर त्याच्यासारखे दहा जण उभे राहिले पाहिजेत. एकदा तरी. म्हणून ही टीम."

डॅरेलचे वडील आता नव्हते. मुलाला खेळताना त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं नाही.

पहिली आंतरराष्ट्रीय मॅच फेब्रुवारीत ठरली होती, पोर्तुगालच्या एका संघाशी, आमच्याच रिंकवर, रविवारी दुपारी. नोव्हेंबर, डिसेंबर सगळा त्या तारखेकडे सरकत होता. ख्रिसमसला मुक्ता चार दिवस आली, झोपली, कपडे धुतले आणि गेली. श्रीकांतचे सहा महिने आठवर गेले. "बाबांना आता वॉकरशिवाय जमून नाही राहिलं," तो म्हणाला. "तू सुट्टीत येऊन जा ना." मी नववर्षाच्या आठवड्यात गेले. माझ्याच स्वयंपाकघरात मला जिरं सापडेना. सासऱ्यांना सांभाळायला येणाऱ्या सुमनताईंनी डबे त्यांच्या सोयीने लावले होते, आणि ते बरोबरच होतं. शेजारच्या काकूंनी विचारलं, "किती दिवस आहेस?" मी म्हटलं, आठ. त्यांनी अशी मान डोलावली, जशी पाहुण्यांसाठी डोलावतात.

परत आल्यावर पहिल्याच शनिवारी डॅरेल खाली बसला आणि उठला नाही. गुडघा वाकला तिथेच अडकला होता. दोघांनी धरून त्याला फर्स्ट एडच्या खोलीत आणलं. तिथे एक हीटर होता, त्याचा फक्त आवाज गरम होता. मी त्याचे भले थोरले पॅड सोडवले, गुडघा हातात घेतला. सूज आतल्या बाजूला. सरळ करायला गेलं की एका ठिकाणी दार लाकडावर अडावं तसा थांबायचा.

"असं आधी झालंय?"

तो छताकडे बघत राहिला. "दोनदा. आपोआप सुटतो."

"डॅरेल, आतली गादी फाटली आहे. तुकडा मध्ये येतो म्हणून अडकतं. स्कॅन लागेल, बहुतेक ऑपरेशन लागेल. तोवर खेळायचं नाही."

"तीन आठवड्यांवर मॅच आहे."

"मला माहीत आहे."

"आमच्याकडे दुसरा गोलकीपर नाही."

"तेही माहीत आहे. आत्ता कदाचित टाके घालून वाचेल. तू खेळलास आणि पूर्ण फाटली तर काढून टाकावी लागेल. चाळिशीत जिने चढताना दुखेल."

"क्लाइडला सांगू नकोस," तो म्हणाला. "मॅच होऊ दे. मग कापा काय कापायचं ते."

मला हो म्हणावंसं वाटलं, हे मी कबूल करते. त्या हिवाळ्यात माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. पण गुडघा माझ्या हातात होता, आणि हाताला कळलेलं खोटं करता येत नाही. "तूच सांग त्याला," मी म्हटलं. "पुढच्या शनिवारपर्यंत नाही सांगितलंस, तर मी सांगेन."

तो उठून बसला. आवाज चढवला नाही. शिक्षक वर्गात बोलतात तसा, शब्द वेगळे वेगळे करून बोलला. "तुला हे कळणार नाही. तुझा देश आहे. तू तिकीट काढलंस की तो तिथे असतो, तुझी वाट बघत. माझा देश म्हणजे ही जर्सी आहे, शनिवारी सकाळचे दीड तास. तू आमच्यातली नाहीस, वैशाली."

मी थर्मास उचलला आणि घरी आले. त्याला जिऱ्याच्या डब्याबद्दल सांगावं असं गाडीत बसल्यावर सुचलं. पण असल्या गोष्टी कुणाला सांगून कळतात का, कोण जाणे.

पुढचे दोन शनिवार मी गेले नाही. हॉस्पिटलात क्लाइडच्या ड्यूटीच्या वेळा बदलल्या होत्या, तो दिसला नाही. डॅरेलने त्याला सांगितलं की नाही, मला कळेना. मी सांगेन म्हटलं होतं, आणि फोन हातात घेऊन पुन्हा ठेवत होते. शनिवारी पहाटे सवयीने पाचला जाग यायची. खिडकीतून समोरच्या घरांच्या ओळी दिसायच्या, एकसारख्या विटांच्या, एकसारख्या बंद पडद्यांच्या. मी उठून आलं न घालता चहा करायची. इतके महिने मी समजत होते की श्रीकांत आणि मुक्ता नाहीत म्हणून घर रिकामं आहे. त्या दोन शनिवारी कळलं की त्याहून खोल काहीतरी आहे. मी कुणातली आहे, या प्रश्नाला माझ्याकडे चटकन देता येईल असं उत्तरच उरलं नव्हतं, आणि ते एका माणसाने अगदी सहज, रागाच्या भरात, दाखवून दिलं होतं.

दुसऱ्या शनिवारी दुपारी क्लाइडचा फोन आला. "उद्या जेवायला ये. एकटाच आहे. जास्तीचं शिजवून बसतो नेहमी."

त्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, हे मला त्या दिवशी कळलं. एकाला एक चिकटलेल्या घरांच्या ओळीतलं छोटं घर. दार उघडल्यावर पुढच्या खोलीत पाऊल टाकलं आणि थबकले. खोलीभर जर्सी वाळत होत्या. खुर्च्यांच्या पाठींवर, सोफ्यावर, रेडिएटरवर, चौदा निळ्या-पिवळ्या जर्सी, बाह्या पसरून. सगळे जण बसून आपापल्यात बोलत असावेत आणि आपण आल्यावर गप्प झाले असावेत, तसं वाटलं.

"दर आठवड्याला धुतो," तो म्हणाला. "घरात गर्दी होते जरा."

जेवायला मक्याच्या पिठाची घट्ट उकड होती, भेंडी घालून घोटलेली, आणि वर माशाचं कालवण. कू-कू म्हणतात त्याला. मी पहिला घास घेतला आणि म्हटलं, "भेंडी."

"तुमच्याकडे पण?"

"आमच्याकडे पण. पण आम्ही चिकट होऊ देत नाही."

"आम्ही चिकट होण्यासाठीच घालतो," तो म्हणाला, आणि मी कितीतरी दिवसांनी कुणासमोर बसून हसले.

जेवण झाल्यावर त्याने सांगितलं. डॅरेलने त्याच दिवशी, रिंकच्या कार पार्कमध्येच त्याला सगळं सांगितलं होतं. मी गेल्यावर अर्ध्या तासात. "रडला. लहानपणी पण रडला नव्हता कधी. मी म्हटलं, ज्याने तुला खरं सांगितलं त्या माणसाला तू काय बोललास? त्याने तेही सांगितलं." क्लाइडने माझ्या ताटात आणखी एक डाव कू-कू वाढलं, न विचारता. "मॅच होणार आहे. गोलमध्ये जोएल उभा राहील."

जोएल बावीस वर्षांचा, बचावफळीत खेळणारा. गोलमध्ये तो आयुष्यात कधी उभा राहिला नव्हता.

"फार गोल होतील," मी म्हटलं.

"होऊ देत," क्लाइड म्हणाला. "तू ये."

मॅचच्या दिवशी थोडंसं ऊन होतं. साठ-सत्तर माणसं आली असतील. मोठमोठ्या टोप्या घातलेल्या म्हाताऱ्या बायका चर्चमधून थेट आल्या होत्या, मांड्यांवर ब्लँकेटं घेऊन बसल्या होत्या. मी बाकामागे माझी बॅग घेऊन उभी होते. डॅरेल साध्या बुटांत, गुडघ्याला ब्रेस लावून, कुबडी घेऊन आला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही दुसरीकडे पाहिलं.

राष्ट्रगीतासाठी दोन्ही संघ बर्फावर रांगेत उभे राहिले. तेवढ्यात जोएल आणि तो गणिताचा मास्तर स्केट करत कठड्याशी आले आणि त्यांनी क्लाइडपुढे हात केले. क्लाइड मागे सरकला. "मला नाही जमत. तुम्हाला माहीत आहे."

"आम्ही धरतो," जोएल म्हणाला.

त्यांनी त्याला दोन्ही दंडांना धरून आत घेतलं. हॉस्पिटलमध्ये घालायचे तेच रबरी तळव्यांचे बूट त्याच्या पायांत होते. तो पाय न उचलता, सरकत सरकत, श्वास रोखून चालला होता. ते अर्ध्या वाटेत असताना कठड्याशी उभ्या डॅरेलने मागे वळून माझ्यापुढे कोपर केलं.

"तू पण. फिजिओ टीममध्ये धरतात."

"मी पडेन."

"मला धर. मी पडलो तर तुलाच काम."

मी त्याचं कोपर धरलं. बर्फाची थंडी बुटातून वर आली. आम्ही दोघं, एक गुडघ्याने अधू आणि एक भीतीने, कसेबसे रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिलो. त्याने हळूच म्हटलं, "तसं बोलायला नको होतं मी." मी म्हटलं, "गुडघा सरळ ठेव." आमचं भांडण तेवढ्यात मिटलं.

गीत कुणाच्या तरी फोनवरून स्पीकरला जोडलं होतं. दोन ओळी वाजल्या आणि बंद पडलं. कुणीतरी फोनशी झटत होतं. खेळाडू एकमेकांकडे पाहू लागले. शब्द बहुतेकांना येत नव्हते, हे त्यांच्या ओठांवरून कळत होतं. आणि मग क्लाइड गाऊ लागला. दोन्ही दंड दुसऱ्यांच्या हातात, मान ताठ, आवाज जरा बेसूर. नवव्या वर्षी शाळेच्या मैदानावर पाठ केल्यासारखं नव्हे. त्या वयाच्या मुलाने जे मागे टाकलं ते नंतर एकट्याने बसून, शब्दाशब्दाने शिकावं, तसं. वरून म्हाताऱ्या बायकांनी सूर धरला. चौदा जणांपैकी काही जण नुसते गुणगुणले. डॅरेल गात नव्हता. तो क्लाइडकडे बघत होता.

आम्ही नऊ–दोन हरलो. जोएलने पायांचे पॅड उलटे बांधले होते, डाव्याचा उजव्याला. पहिल्या मध्यंतरात पोर्तुगालचा गोलकीपर स्वतः बर्फ ओलांडून आला, त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि न हसता पॅड बदलून पट्टे आवळून दिले. डॅरेल बाकावरून सतत सांगत राहिला, "खाली बस, आता उठ, डावीकडे बघ." आमचा पहिला गोल झाला तेव्हा क्लाइडने हातमोजा कठड्यावर आपटला. दुसरा झाला तेव्हा त्याने तो काढून डोळे पुसले.

त्या संध्याकाळी मी श्रीकांतला फोन केला. रेडिओ लावला नाही. म्हटलं, "मी कायमची परत येणार नाही. माझ्याकडून होणार नाही. तू येशील का?" मागे टीव्ही होता. मग तो म्हणाला, "बाबा आहेत तोवर नाही, वैशू."

"बरं," मी म्हटलं.

"रागावली?"

"नाही. खरं काय ते कळलं."

सासरे आता नव्वदीचे आहेत, वॉकर घेऊन अंगणात चालतात. त्यांनी शंभर वर्षं जगावं असं मला मनापासून वाटतं. श्रीकांत वर्षातून दोनदा येतो, मी एकदा जाते. आम्ही वाईट नाही आहोत. पण संसार म्हणावा असं ते राहिलेलं नाही. मी तांदळाची वाटी बदलून छोटी घेतली.

टीम पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जमली नाही. रेडिंगवाल्याला जुळी मुलं झाली, गणिताचा मास्तर कॅनडाला गेला. डॅरेलच्या गुडघ्याला टाके बसले, तो आता दहा वर्षांखालच्या मुलांना शिकवतो. क्लाइड निवृत्त झाला आणि आयुष्यभर म्हणत आला होता तसा बार्बाडोसला, बहिणीच्या घरी राहायला गेला.

परवा रविवारी त्याचा फोन आला. मागे कोंबडा आरवत होता, तिथे सकाळ होती. मी विचारलं, कसं आहे? म्हणाला, ऊन आहे. काल पण होतं, उद्या पण असेल. बहीण चांगली आहे, मासे ताजे मिळतात. शेजारी त्याला इंग्लिशमन म्हणतात. मग त्याने विचारलं,

"तुझ्या खिडकीतून काय दिसतंय, सांग मला."

मी पडदा सारला. "काही नाही. धुकं आहे. कचऱ्याचे बिन बाहेर आहेत, उद्या नेतील. समोरच्या आजोबांनी कुंड्यांवर जुनं ब्लँकेट टाकलंय. चर्चच्या रस्त्यावर कुणीतरी कुत्र्याला फिरवतंय, कुत्र्याला लाल स्वेटर आहे. आता सवातीनच वाजलेत आणि दिवे लागायला लागलेत."

मला वाटलं, त्याला कंटाळा आला असेल.

"अजून सांग," क्लाइड म्हणाला.

मी खुर्ची खिडकीशी ओढून घेतली आणि सांगत राहिले.